ओल्या थर्मामीटरला विचारा

या महिन्यात संपादकांनी पत्रांचा जो गठ्ठा पाठवला, त्यातली निम्मी पत्रं धुक्याची निघाली. डिसेंबर-जानेवारीत नागपूरकरांना दोनच विषय सुचतात, हुर्डा आणि धुकं. हुर्ड्याबद्दल मला कोणी विचारत नाही. हवामान खात्यात निरीक्षक म्हणून माझी ३२ वर्षं गेली आणि त्यातल्या निम्म्या रात्री पाळीवर गेल्या, त्यामुळे धुकं माझ्याच वाट्याला येतं. सगळ्या पत्रांना जागा नाही. ज्यांचे प्रश्न एकसारखे होते त्यांनी एकाच उत्तरात भागवून घ्यावं.

प्रश्न : काकू, मी रोज पहाटे सेमिनरी हिल्सवर फिरायला जाते. साडेसातच्या सुमारास परत निघाले की खाली शहरावर पांढरट चादर पसरलेली दिसते. यजमान म्हणतात, धुकं आहे, नागपूरची थंडी आहे, मजा घे. मुलगी पर्यावरणशास्त्र शिकते. ती म्हणते, हे सगळं प्रदूषण आहे, उद्यापासून घरातच योगासनं कर. दोघांच्या भांडणात माझं फिरणं बंद व्हायची वेळ आली. खरं कोणाचं?
(एक गृहिणी, गिट्टीखदान)

उत्तर : ताई, तुम्ही सगळं लिहिलंत, पण शाल ओली होते की नाही ते लिहिलं नाही. माझं निम्मं उत्तर त्या शालीत आहे.

का ते सांगते. नोकरीतला माझा पहिला हिवाळा एका लहानशा विमानतळावर गेला, विदर्भाबाहेर. किती लांबचं दिसतंय हे लिहायला आमच्याकडे भिंतीवर एक तक्ता असायचा. पाण्याची टाकी ८०० मीटरवर, देवळाचा कळस दीड किलोमीटरवर, अमुक टेकडी सहा किलोमीटरवर, अशा खुणा. जी शेवटची खूण दिसते तेवढी त्या वेळची दृश्यमानता. त्या सकाळी टाकी दिसत होती, कळस दिसत नव्हता. मी वहीत ‘धुकं’ लिहून मोकळी झाले. आमचे साहेब खिडकीकडे फिरकलेही नाहीत. बाहेर जाऊन लाकडी पेटीतले दोन थर्मामीटर वाचून आले. एक कोरडा, आणि दुसऱ्याच्या गोळ्याला मलमलीचं ओलं फडकं गुंडाळलेलं. कोरडा १६ अंशांवर, ओला ११.६ वर. म्हणाले, “बाई, एवढ्या कोरड्या हवेत धुकं कुठून आणलंत? माहेराहून?” आणि लाल शाईने काट मारली. गावाबाहेर वीटभट्ट्या पेटल्या होत्या, त्यांचा धूर होता तो.

त्या दोन थर्मामीटरांत सगळं येतं. हवा जितकी कोरडी तितकं ओल्या फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि तो पारा खाली जातो. दोघांत साडेचार अंशांचा फरक म्हणजे आर्द्रता ६० टक्क्यांच्या आतबाहेर. तेच कोरडा १२ आणि ओला ११.६ असता, तर आर्द्रता ९५ टक्के, आणि मग ते धुकं मी छातीठोकपणे लिहिलं असतं.

धुकं म्हणजे पाणी. जमिनीला टेकलेला ढगच तो. हजार मीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं तर आमच्या वहीत ते धुकं. हजाराच्या वर आणि पाच हजारापर्यंत दिसत असेल, हवा दमट असेल, तर विरळ धुकं. हवा कोरडी असून तेवढंच दिसत असेल, तर ते हेझ, म्हणजे धूळ, धूर, काजळी आणि हवेतच तयार झालेल्या क्षारांचे कण. मराठीत त्याला लोक नुसतं ‘धुरकट’ म्हणतात आणि मला तो शब्द पुरेसा वाटतो. वैमानिकांना पाठवायच्या संदेशात धुक्याला ‘एफजी’, विरळ धुक्याला ‘बीआर’, हेझला ‘एचझेड’ आणि निव्वळ धुराला ‘एफयू’ लिहितात. बीआर आणि एफयू फ्रेंच शब्दांवरून आलेत. नवीन पोरं नेमकी तिथेच अडखळतात, मीही अडखळले होते.

दमट आणि कोरडी यांच्यामधली ढोबळ रेघ ७५ ते ८० टक्क्यांवर मारतात. ही रेघ तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना? मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. हवेतले क्षारांचे कण, विशेषतः दगडी कोळशाच्या धुरातल्या गंधकापासून झालेलं अमोनियम सल्फेट, ८० टक्क्यांच्या सुमारास तेच करतात. दुपारी जो कण कोरडा आणि बारीक होता तो पहाटे पाणी पिऊन फुगतो. कण मोठा झाला की प्रकाश जास्त अडवतो. म्हणजे हवेत घाण तेवढीच असली तरी पहाटे जास्त दिसते. तुमची मुलगी हे वर्गात शिकली असेलच, पण मिठाची बरणी तिला दाखवा.

आता यजमानांनी लगेच जिंकलो म्हणू नये, कारण धुक्याच्या पोटातही धूळ असते. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८०च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. दोन काचेची भांडी घेतली. एकात नेहमीची हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. दोन्हीत वाफ सोडली. पहिलं भांडं धुक्याने भरून गेलं, दुसरं स्वच्छच राहिलं. वाफेला थेंब व्हायला बसायला पाट लागतो आणि तो पाट म्हणजे धुळीचा किंवा क्षाराचा कण. हवेत पाट जास्त झाले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं. थेंब बारीक होतात, संख्येने वाढतात आणि धुकं आणखी दाट होतं. गावाकडचं धुकं आणि शहरातलं धुकं एकाच पाण्याचं असलं तरी शहरातलं जास्त आंधळं असतं.

पाणी म्हटलं म्हणून खूप असतं असंही नाही. एक घनमीटर धुक्यात अर्धा ग्रॅमही पाणी नसतं. ३ मीटर लांब, ३ रुंद आणि ३ उंच खोली धुक्याने गच्च भरली तर सगळं पाणी मिळून पोहे खायच्या मोठ्या चमच्यात मावेल. एवढ्याशा पाण्याने विमानं थांबतात.

राहिली तुमची चादर. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आभाळात सोडून देते. तिला टेकलेली हवा थंड होते, वरची मात्र उबदार राहते. एरवी वर जावं तसं गार होतं, इथे उलट. थंड हवा जड, ती खालीच बसते आणि वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकणासारखी. पहाटे अंबाझरीच्या काठावरची किंवा एखाद्या चहाटपरीजवळची शेकोटी पाहा. धूर सरळ वर जातो आणि एका उंचीवर अचानक आडवा होतो, जणू छताला अडला. ते झाकण. रात्रभराचा सगळा धूर, ट्रकांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा, त्या झाकणाखाली कोंडलेला असतो. तुम्ही टेकडीवरून बघता ते त्या छताचं वरचं अंग. (टेकडी काही फार उंच नाही, कधी छत तिच्याही डोक्यावरून जातं. त्या दिवशी तुम्हाला चादर दिसणार नाही, कारण तुम्ही चादरीत असाल.)

म्हणून एकाच सकाळी दोघांचंही खरं असू शकतं. सूर्योदयाच्या जरा आधी हवा सर्वांत गार आणि दमट, तेव्हा धुकं. सूर्य वर आल्या आल्या ते उलट किंचित दाट होतं, कारण हवा जराशी ढवळली जाते. मग जमीन तापते, थेंब उडून जातात, आर्द्रता घसरते. नऊ वाजता कोरडा थर्मामीटर १९ आणि ओला १४ दाखवत असेल आणि तरी कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी दिसत नसतील, तर पाणी केव्हाच गेलं, त्याने बसायला घेतलेले पाट तेवढे उरले. संध्याकाळी सात-आठला धरमपेठेत दिव्यांभोवती जे पिवळट दिसतं ते तर धुकं असूच शकत नाही. त्या वेळी आपल्याकडची हवा एवढी दमट नसतेच.

थर्मामीटर घरी नसेल तर शाल पाहा, पापण्या आणि भुवया पाहा, कोळ्याच्या जाळ्यावर मणी आहेत का पाहा. झाडाखाली टपटप होत असेल तर नक्की धुकं. स्कूटरची सीट ओली आहे एवढ्यावर जाऊ नका, ते दव असतं आणि दव धुरकट रात्रीही असतं. धुक्यातून सूर्य दिसला तर चांदीच्या ताटलीसारखा पांढरा आणि काठ रेखीव. धुरकटातून दिसला तर केशरी, तांबूस. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा वीस-चाळीसपट मोठे, ते सगळ्या रंगांना सारखंच विखुरतात म्हणून दुधाळ दिसतात. हेझचे कण लहरीएवढेच किंवा लहान, ते निळा रंग जास्त उडवतात आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडा पोचतो. आणि धुक्याला वास नसतो. नाकाला जळकट लागलं की मुलीचं खरं.

फिरणं बंद करू नका. थंडीत तासभर उशिरा निघा, झाकण जरा सैल झालं की. मोबाइलवर पीएम २.५चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा, आकडा बघत असाल तर आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. दोन्ही लक्षात ठेवा. यजमानांना पहिली सांगा, मुलगी दुसरी सांगेलच.

प्रश्न : आमच्या पुस्तकात लिहिलंय की धूर अधिक धुकं म्हणजे स्मॉग. पण मग मे महिन्यात नागपुरात धुकं नसतंच, तरी बाबांच्या पेपरमध्ये उन्हाळ्यातल्या स्मॉगबद्दल होतं. पुस्तक चूक की पेपर?
(इयत्ता आठवी, महाल)

उत्तर : बाळ, दोन्ही बरोबर. शब्द एक आणि वस्तू दोन, म्हणून घोटाळा झालाय.

तुझ्या पुस्तकातला स्मॉग लंडनचा. १९०५ साली डॉक्टर दे व्ह्यू यांनी हा शब्द वापरला आणि तो रुळला. मराठीत त्याला धुरकं म्हणतात, छान शब्द आहे, वापर. लंडनमध्ये घरोघरी दगडी कोळसा जळायचा. कोळशात गंधक असतं. जळलं की सल्फर डायऑक्साइड होतो, तो धुक्याच्या थेंबात विरघळतो आणि थेंबाचं सौम्य आम्ल बनतं. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर असंच झाकण बसलं, वारा पडलेला, थंडी म्हणून लोक कोळसा आणखी जाळतायत. बसच्या पुढे माणूस दिवा घेऊन चालायचा. त्या वेळच्या हिशोबाने ४००० माणसं त्यात दगावली आणि पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा १२००० पर्यंत नेला. १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला.

पेपरातला स्मॉग अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचा. तिथे कोळशाच्या शेगड्या नाहीत, थंडी नाही, लख्ख ऊन. जुलै १९४३ मध्ये एक दिवस असा उगवला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे बसले. महायुद्धाचे दिवस. जपानने विषारी वायू सोडला असंच पुष्कळांना वाटलं. खरं कारण सापडायला पुढची सात-आठ वर्षं गेली आणि ते सापडलं अननसाच्या वासावर काम करणाऱ्या माणसाला. आरी हागेन-स्मित हे मूळचे हॉलंडचे जीवरसायनशास्त्रज्ञ. अननसाचा सुगंध गोठवून त्यात काय काय आहे ते शोधत होते. त्याच यंत्रात त्यांनी शहराची हवा गोठवली, तर खाली घाणेरड्या वासाचे तपकिरी थेंब जमले.

त्यांनी लावलेला उलगडा असा. मोटारीच्या धुराड्यातून नायट्रोजन डायऑक्साइड येतो. उन्हाने तो फुटतो आणि ऑक्सिजनचा एक सुटा अणू बाहेर पडतो. सुटा अणू स्वस्थ बसत नाही, हवेतल्या ऑक्सिजनला चिकटून ओझोन होतो. एरवी हा ओझोन लगेच खर्चूनही जातो, कारण फुटून उरलेला नायट्रिक ऑक्साइड त्याला खातो. पण पेट्रोलच्या, थिनरच्या, रंगाच्या वाफा हवेत असल्या की त्या नायट्रिक ऑक्साइडला आपल्याकडे ओढून घेतात आणि ओझोन साठत जातो. म्हणजे हा स्मॉग धुराड्यातून बाहेर येत नाही, उन्हात शिजतो. म्हणून तो सकाळी नाही, दुपारी पिकतो. ओझोनने रबराला भेगा पडतात. हागेन-स्मित यांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या टांगून किती वेळात भेग पडते त्यावरून ओझोन मोजला. वीस-पंचवीस किलोमीटर वर आभाळात हाच ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. तिथे तो राखणदार, इथे नाकाशी आला की खोकला.

आपल्या मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, आभाळ निळं न दिसता कथलाच्या भांड्यासारखं पांढुरकं दिसतं. आर्द्रता दुपारी २० टक्क्यांच्या खाली गेलेली असते. त्यात धुक्याचा एक थेंब टिकणार नाही. ती धूळ आहे, धूर आहे आणि उन्हात शिजलेली ही भाजीही आहे. एखादा अवकाळी सडाका येऊन गेला की पुढच्या सकाळी रामटेकच्या बाजूला बघ, गड किती जवळ आल्यासारखा वाटतो. पुस्तकातली व्याख्या परीक्षेत लिही. गुण जायला नकोत.

प्रश्न : राम राम ताई. काटोलकडे आमची संत्र्याची बाग हाय. थंडी कडक पडली की बांधावर पालापाचोळा जाळून धूर करतो, बापही करत होता. पोरगा म्हणते, धुरानं काही होत नाही, उगाच डोळे जाळून राहिले. आन् धुवारी पडली त् तुरीचा फुलोरा झडते, पण त्या रात्री थंडी कमी कशी काय वाटते?
(एक शेतकरी)

उत्तर : भाऊ, प्रश्न दोन विचारलेत पण उत्तर एकच आहे, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या प्रश्नात ते तुम्हीच दिलंय. हा प्रश्न मला या महिन्यातला सर्वांत आवडला.

रात्री जमीन उष्णता सोडते ती डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांतून. त्या किरणांची लहर साधारण १० मायक्रॉन लांबीची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. धुक्याचा थेंबही साधारण तेवढाच, १०-२० मायक्रॉनचा. थेंब आणि लहर एका मापाची, म्हणून थेंब ती उष्णता अडवतो आणि थोडी परत खाली पाठवतो. धुवारीची रात्र म्हणून गोधडीसारखी. शिवाय वाफेचं पाणी होताना तिची ऊब हवेला मिळते ती वेगळीच.

धुराचा कण एक मायक्रॉनच्याही आतला. उजेडाची लहर अर्ध्या मायक्रॉनची, तिला तो बरोबर अडवतो, म्हणून आपल्याला धूर दाट दिसतो आणि मोठं पांघरूण घातल्यासारखं वाटतं. पण उष्णतेच्या लांब लहरींना तो दिसतच नाही. चाळणीतून मोहरी गळून जावी तशी उष्णता धुरातून निघून जाते. म्हणजे पोराचं बरोबर.

पण बापाचंही अगदी चूक नाही. धुराने नाही, तरी आगीने थोडं काम होतं. जाळाची ऊब बागेला मिळते आणि ऊन हवा वर जाताना झाकणाजवळची कोमट हवा खाली ओढली जाते. त्यासाठी एकच मोठा जाळ करू नका, तो झाकणाला भोक पाडून ऊब वर घेऊन जातो. लहान लहान जाळ, जागोजागी, आणि सुकं लाकूड. ओला पाला टाकून धूर वाढवला तर फक्त खोकला वाढतो, त्यातून सकाळी झाकणाखाली तो सगळा धूर गावातच उतरतो. त्यापेक्षा थंडीची चाहूल लागली की संध्याकाळी बागेला पाणी द्या. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, आणि ओली माती दिवसाची ऊब साठवून रात्रभर सोडत राहते. वीज रात्री येते की दिवसा, हा प्रश्न मी सोडवू शकत नाही.

तुरीचं असं, की पानाफुलांवर तासन् तास पाणी राहिलं की बुरशीला आयतं अंथरूण मिळतं. कोणतं औषध आणि किती, ते कृषी सहायकाला विचारा. मला थेंब कळतात, तूर नाही.

प्रश्न : मी रोज स्कूटीने वर्धमाननगरहून हिंगण्याला जाते. नागपूरच्या सगळ्या मुलींसारखा डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधते. धुरकट हवेपासून त्याचा उपयोग होतो का?
(एक नोकरदार मुलगी)

उत्तर : उन्हापासून होतो, धुळीपासून बराच होतो, पीएम २.५ पासून जवळजवळ नाही. २.५ मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा-तिसावा भाग, आणि सुती कापडाच्या दोन धाग्यांमधली फट त्याच्या कितीतरी पट मोठी. एन-९५ मास्क मात्र ०.३ मायक्रॉनचे कणही शंभरातले किमान ९५ अडवतो, पण गालाशी घट्ट बसला तरच. मास्क आत आणि स्कार्फ वरून, असं बांध. स्कार्फ सोडू नको, तो नागपूरच्या पोरींचा गणवेशच झालाय. आणि सिग्नलला ट्रकच्या मागे उभी राहत जाऊ नको, बाजूला राहा. एवढ्यानेही पुष्कळ वाचतं.

प्रश्न : दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या डिसेंबर-जानेवारीत दहा-दहा तास उशिरा. माझा माल अडकतो. तिकडे एवढं धुकं आणि आपल्याकडे दोन-चार दिवसच, असं का?
(एक व्यापारी, इतवारी)

उत्तर : गंगेचं मैदान म्हणजे एक लांबलचक परात आहे. उत्तरेला हिमालयाची भिंत, वारा मंद, गव्हाच्या कालव्यांनी ओली झालेली जमीन, आणि त्याच महिन्यांत पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यांच्या फेऱ्या. पाऊस पडून आभाळ मोकळं झालं की दुसऱ्या रात्री धुकं ठरलेलं. आठ-आठ दिवस ते उठत नाही. आपण सातपुड्याच्या अलीकडे, समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर. जमीन चढउताराची आणि दुपारचं ऊन अजून दमदार. अकराला आपलं धुकं विरलेलं असतं. त्यामुळे तुमचा माल जिथे अडकतो तिथेच अडकणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिल्लीच्या बातम्यांत जे दिसतं ते मात्र वेगळं. तेव्हा तिथे धुकं कमी असतं, तो बराचसा शेतात जाळलेल्या धानाच्या तणसाचा आणि शहराच्या स्वतःच्या गाड्यांचा धूर.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर पहाटे धुकं लागलं तर हेडलाइट अप्पर ठेवायचा की डिप्पर?
(चालक, बुटीबोरी)

उत्तर : डिप्पर. अप्परचा प्रकाश थेंबांवर आदळून तुमच्याच डोळ्यांत परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉगलॅम्प खाली बसवतात तो म्हणूनच, तो भिंतीच्या खालून रस्ता दाखवतो. पिवळा दिवा धुक्यातून जास्त लांब जातो असं म्हणतात. वर सांगितलंच, हे थेंब सगळ्या रंगांना सारखं वागवतात, तेव्हा रंगाने फारसं काही होत नाही. डाव्या कडेची पांढरी रेघ धरा. चालत्या गाडीची चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय ते कळत नाही. आणि थांबायचंच असेल तर रस्ता सोडून थांबा.

शेवटी एक दुरुस्ती. मागच्या अंकात मी ‘रात्री दव पडतं’ असं लिहिलं होतं. रामदासपेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दोन पानी पत्र लिहून कळवलंय, की दव पडत नसतं. हवेतली वाफ थंड पानावर जागच्या जागी गोठून तिचं पाणी होतं, ते वरून येत नाही. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, ‘गोठून’ हा शब्द सोडला तर. गोठलं की ते दव राहत नाही, हिम होतं. इतकी वर्षं मी वहीत बरोबर तेच लिहीत आले. घरी मात्र कालच यांना म्हणाले, दव पडलंय, सीट पुसून गाडी काढा.